औष्णिक अपघटन व वायूच्या आकारमानाची गणिते

उष्णतेने एका पदार्थाचे दोन किंवा अधिक पदार्थ होणे म्हणजे औष्णिक अपघटन. त्यातून निघणारा वायू किती लिटर भरेल, किंवा भरलेल्या वायूवरून मूळ पदार्थ किती होता, हे काढणे हा रससमीकरणमितीचा, म्हणजे अभिक्रियेतल्या पदार्थांच्या प्रमाणांच्या हिशेबाचा, भाग आहे. गे-ल्युसॅक (१८०८) आणि आव्होगाद्रो (१८११) यांच्या नियमांवर ही गणिते उभी आहेत: तापमान व दाब सारखे असतील, तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच.

चुन्याची भट्टी घ्या. सुमारे ९०० °से. तापमानाला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटापासून ५६ ग्रॅम चुना आणि ४४ ग्रॅम, म्हणजे १ मोल (रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) वायू मिळतो. ० °से. व १ वातावरण दाबाला तो २२.४ लिटर भरतो. भट्टीतल्या ९०० °से.ला मात्र सुमारे ९६ लिटर. तापमान-दाबाशिवाय नुसते लिटर सांगण्याला म्हणूनच अर्थ नाही. १९८२ पासून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब १ बार (१ वातावरणापेक्षा किंचित कमी) धरला आहे, त्या हिशेबाने १ मोल २२.७ लिटर होतो. उत्तर थोडक्यात हुकले, तर आधी इथेच पाहावे.

उलट दिशेचे गणित जास्त कामाचे. चुनखडीच्या २५ ग्रॅम नमुन्यातून ० °से. व १ वातावरण दाबाला ४.४८ लिटर वायू निघाला, तर तो ०.२ मोल, म्हणजे कार्बोनेट २० ग्रॅम आणि शुद्धता ८० टक्के. अर्थात, उरलेल्या मातीवाळूतून वायू निघत नाही हे गृहीत धरून.

विद्यार्थी अडखळतात ते खायच्या सोड्यापाशी. चुनखडीत एकास एक प्रमाण असते. इथे सोडियम बायकार्बोनेटच्या २ मोलांमागे कार्बन डायऑक्साइड १ मोल व पाणी १ मोल. धुण्याचा सोडा (इथे निर्जल सोडियम कार्बोनेट) मात्र तेवढ्या उष्णतेने अपघटित होत नाही. दोन्हींचे १० ग्रॅम कोरडे मिश्रण तापवून वजन ३.१ ग्रॅम घटले, तर १६८ ग्रॅम बायकार्बोनेटमागे ६२ ग्रॅम घट या हिशेबाने मिश्रणात ८.४ ग्रॅम खायचा सोडा होता. वायू (कार्बन डायऑक्साइड) ० °से. व १ वातावरण दाबाला १.१२ लिटर. घट सगळी कार्बन डायऑक्साइडची धरली की गणित फसते, कारण त्यात पाण्याची वाफही आहे आणि थंड झाल्यावर ती वायूच्या मापात राहत नाही.

लेड नायट्रेट आणखी अवघड. २ मोलांपासून ४ मोल नायट्रोजन डायऑक्साइड व १ मोल ऑक्सिजन, असे कागदावर ५ मोल वायू होतात. प्रत्यक्षात तो तपकिरी वायू थंड होताना त्याचे रेणू जोडीजोडीने एकत्र येतात, रंग फिका पडतो आणि आकारमान हिशेबापेक्षा कमी भरते. वायू पाण्यावर गोळा केला तर नायट्रोजन डायऑक्साइड पाण्याशी अभिक्रिया करून बहुतांशी नाहीसा होतो, आणि उरलेल्या वायूच्या दाबातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करावा लागतो तो वेगळाच.