मंगळूर ते करिपूर: सहवैमानिकाची हाक

करिपूरचा, म्हणजे कोळिकोडच्या विमानतळावरच्या २०२० च्या अपघाताचा, अहवाल वाचायचा तर आधी मंगळूरचा काढावा लागतो.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग ७३७ मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, धावपट्टीवरून पुढे निघून दरीत कोसळलं. १६६ पैकी ८ जण वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, पुणेकर एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सव्वादोन तासांपेक्षा थोडं कमी होतं. त्यातला सुरुवातीचा जवळपास एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपेत होते. टेपवर घोरणं ऐकू येतं. जाग आली तेव्हा उतरायची वेळ झालेली आणि विमान हवं त्यापेक्षा खूप उंचावर. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फुटांवर. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या.

सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते घोरणं. अहवालातली माझ्या मते जास्त महत्त्वाची नोंद वेगळीच आहे: सहवैमानिकाने स्वतः विमान उचलायचं की नाही, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, म्हणून बहुधा त्याने हाका मारल्या, पण कंट्रोल हातात घेतले नाहीत.

तोवर अशा तपासांवर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचाच, वरचष्मा असे. जी संस्था परवाने देते, नियम करते, तिनेच चुका शोधायच्या, हे अवघडच. २०१२ मध्ये विमान अपघातांच्या तपासासाठी एएआयबी हा वेगळा विभाग झाला.

७ ऑगस्ट २०२० च्या करिपूर अपघाताचा तपास याच एएआयबीने केला. त्याच कंपनीचं, पुन्हा दुबईहून आलेलं विमान, करोनाकाळात परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतलं, १९० जण. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, आईवडील नागपूरचे. मुसळधार पावसात पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्यांच्या बाजूचा वायपर त्याच वेळी बंद पडला होता; दुसऱ्या खेपेला चालला, पण हळू. पाठीमागून वारा, आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी संपल्यावर. विमान पठारावरून खाली पडून तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. आग लागली नाही, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणाऱ्या उड्डाणाला कॅप्टन कमी होते आणि साठेंना ते न्यायचं होतं. विमान दुसरीकडे नेलं असतं तर ते जमलं नसतं. तपास पथकाने हा दबावही नोंदवला आहे.

संभाव्य कारणाच्या परिच्छेदात मात्र दोघांचीही चूक आहे: मॉनिटरिंग करणाऱ्या वैमानिकाने, म्हणजे इथे सहवैमानिकाने, ‘गो अराउंड’ म्हणूनही उतरणं चालू ठेवलं गेलं, आणि त्या वैमानिकाने कंट्रोल हातात घेतले नाहीत.