टिप बदलण्याआधी झोत मोजा
फील्ड एमिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरणाऱ्या सोलापुरातील ग्राहकांसाठी

फोटो धुरकट आला की पहिला प्रश्न येतो, "टिप गेली का?" टिप म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी सुई. ती महाग, आणि बऱ्याचदा दोष तिचा नसतोच. आधी इलेक्ट्रॉन झोताचा करंट, व्यास आणि अर्धकोन (झोत निमुळता होतो त्या कोनाचा अर्धा) हे तीन आकडे काढा. त्यांवरून झोताची प्रखरता निघते.

करंट फॅरडे कपातच (इलेक्ट्रॉन आत अडकवणारे छिद्राचे भांडे) मोजा. झोत छिद्राच्या मधोमध स्थिर ठेवून पिकोअ‍ॅमीटर (अतिसूक्ष्म करंट मोजणारा मीटर) वाचा. उघड्या स्टबवरून (नमुना चिकटवायची चकती) इलेक्ट्रॉन निसटतात आणि आकडा कमी भरतो. एक किलोव्होल्टच्या आसपास करंटचे चिन्हही उलटू शकते. तासभर दर मिनिटाला नोंद ठेवा. सुमारे १८०० केल्विनवर चालणारी शॉट्की टिप एखाद्या टक्क्यापलीकडे हलू नये. न तापवता चालणाऱ्या कोल्ड टिपवर वायूचे रेणू बसतात, त्यामुळे फ्लॅशनंतर (टिप क्षणभर तापवून साफ केल्यावर) करंट उतरणारच. तो रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर उतरू लागला, तर आधी गनचा (टिप बसवलेल्या भागाचा) व्हॅक्यूम पाहा.

व्यासासाठी कार्बनवरचे सोन्याचे कण घ्या आणि आधी स्टिग्मेटर (झोत गोल करणारी जुळवणी) नीट लावा. कणाच्या कडेवरच्या उजेडाच्या आलेखात १२ ते ८८ टक्के उजेडामधले अंतर हा साधारण अर्ध्या उंचीवरचा व्यास. सेकंडरी प्रतिमेत (नमुन्यातून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) कड मुळातच उजळते, म्हणून हा अंदाजच समजा.

कडेला करवतीसारखे दात दिसले तर स्कॅनच्या एका ओळीचा वेळ २० मिलिसेकंद करा. दात गेले तर दोष ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचा. आसपासच्या केबल, ट्रान्सफॉर्मर तपासा. राहिले तर शेजारचे पॉवरलूम आठवा! मिनिटाला सव्वाशे-दीडशे फटके, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच. मायक्रोस्कोपखालच्या हवेच्या पायांची स्वतःची लयही त्याच आसपास असते, त्यामुळे ते हा हादरा अडवण्याऐवजी वाढवूही शकतात. माग बंद असतील त्या दिवशी पुन्हा मोजा.

अर्धकोनासाठी स्टेज (नमुन्याचा मंच) फोकसपासून १० मायक्रॉन खाली न्या. व्यास १०० नॅनोमीटरने वाढला तर कोन ५ मिलिरेडियन.

आता प्रखरता: करंटची चौपट भागिले (पायचा वर्ग × व्यासाचा वर्ग × अर्धकोनाचा वर्ग). १०० पिकोअँपिअर, २ नॅनोमीटर, ५ मिलिरेडियन धरल्यास सुमारे ४ कोटी अँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर प्रति स्टेरेडियन. व्यास १० टक्के जास्त वाचला की उत्तर १७ टक्क्यांनी घटते, म्हणून तो तीनदा मोजा. प्रखरता व्होल्टेजबरोबर वाढते. मागच्या नोंदीशी तुलना त्याच किलोव्होल्टवर करा.

आम्हाला बोलावताना हे आकडे, अ‍ॅपर्चर (झोत मर्यादित करणारे छिद्र) आणि व्हॅक्यूम राखणाऱ्या आयन पंपाचा करंट कळवा.