हिमनगांचे भूकंप आणि इरईच्या रेघा

आमच्या वणी भागात दुपारी खाणीचा भोंगा वाजला की घरातल्या बाया चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवतात. मग एकच दणका बसतो. फळीवरच्या ताटल्या खणखणतात, पत्र्यावरची धूळ गळते आणि क्षणात सगळं शांत होतं. मागच्या भिंतीची भेग आई दर पोळ्याला माती-शेणाने लिंपते, पुढच्या पोळ्यापर्यंत तिच्यात पुन्हा बोट जातं. अशा गावात हादरा ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला तेव्हाचं आजी सांगायची, "दणका नव्हता तो. बाज कोणी झुलवल्यासारखी झाली." तिचं बरोबरच होतं. जवळच्या स्फोटाचा धक्का तुटक आणि टोकदार असतो, लांबून आलेली भूकंपाची लाट संथ असते.

हिमनग तुटल्यामुळे होणाऱ्या भूकंपांची हकीकत या संथपणापासूनच सुरू होते. हे भूकंप पाच तीव्रतेपर्यंत जातात, त्यांच्या लाटा जगभरच्या यंत्रांवर उमटतात, आणि तरी 2003 पर्यंत त्यांची वेगळी ओळख पटलेली नव्हती.

भूकंपमापकांचं जगभर जाळं विणलं गेलं ते 1960 च्या दशकात, आणि त्यामागचं मोठं कारण होतं अणुचाचण्या. दुसऱ्या देशाने जमिनीखाली बॉम्ब फोडला तर कळायला हवं, म्हणून अमेरिकेने शंभरावर ठिकाणी एकसारखी यंत्रं बसवली. पुण्यालाही त्यातलं एक केंद्र होतं. भूकंप नोंदवायची पद्धतही त्याला साजेशीच होती. आधी झटकन येणारी पहिली लाट पकडायची, वेगवेगळ्या केंद्रांवर ती किती वाजता पोहोचली ते पाहायचं आणि त्यावरून जागा काढायची. भूपट्ट सरकून झालेल्या भूकंपाला ही रीत चपखल बसते. पाच तीव्रतेच्या भूकंपात खडक सरकण्याचं काम एक-दोन सेकंदांत उरकतं, त्यामुळे पहिली लाट ठळक उठते.

बर्फाचं काम असं झटक्यात होत नाही. 2003 मध्ये योरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि जेफ्री एबर्स या भूकंपशास्त्रज्ञांनी पहिल्या झटक्याचा नाद सोडून एकेका हेलकाव्याला 35 ते 150 सेकंद घेणाऱ्या संथ लाटा चाळल्या. कुठल्याच यादीत नसलेले भूकंप त्यांना सापडले, आणि त्यातले बहुतेक ग्रीनलंडच्या हिमनद्यांपाशी निघाले. नोंदी आधीपासूनच होत्या, त्या नजरेने कोणी पाहिल्या नव्हत्या इतकंच. मग 1993 ते 2005 या काळातल्या नोंदी चाळल्यावर एकट्या ग्रीनलंडमध्ये असे 182 भूकंप मिळाले. ते उन्हाळ्याच्या शेवटी जास्त होत होते, आणि 2005 मधला आकडा 2002 च्या आधीच्या कोणत्याही वर्षाच्या दुप्पट होता. खडकाच्या भूकंपाला ऋतू नसतो. यांना होता, म्हणून शास्त्रज्ञांचे कान टवकारले.

पण होत काय होतं? सुरुवातीचा अंदाज असा, की अख्खी हिमनदीच झटक्यात पुढे घसरत असावी. हळूहळू लक्ष हिमनदीच्या तोंडाकडे गेलं. हिमनदी समुद्राला भिडते तिथे तिचा तुकडा सुटून हिमनग होतो. इंग्रजीत या सुटण्याला गाय विण्याचाच शब्द आहे. आपल्याकडच्या माणसाला तो लगेच पटेल, पण हे वासरू शेकडो मीटर उंच असतं आणि त्याचं वजन अब्ज टनांत जाऊ शकतं. तुकडा उंचीला जास्त आणि जाडीला कमी असेल तर तो पाण्यात उभा राहूच शकत नाही. भिंतीला टेकवलेली फळी निसटावी तसा तो आडवा व्हायला लागतो. सगळं पाणी ढवळत पूर्ण उलटायला त्याला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तो मागच्या हिमनदीला रेटत राहतो.

हा रेटा प्रत्यक्ष मोजला गेला 2013 च्या उन्हाळ्यात. ग्रीनलंडच्या आग्नेयेला हेलहाइम नावाची हिमनदी आहे. तिच्या तोंडाजवळ, कुठल्याही क्षणी तुटेल अशा भेगाळ बर्फावर, हिमनद्यांच्या अभ्यासक टावी मरी यांच्या तुकडीने जीपीएस यंत्रं ठेवली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून मी थक्क झालो होतो. हिमनग उलटत असताना दिवसाला वीस-पंचवीस मीटर पुढे जाणारी ती नदी काही मिनिटं चक्क उलटी, मागे सरकत होती. उलटणाऱ्या हिमनगाच्या मागे पाण्याचा दाब घटतो, त्यामुळे तिचं तोंड खालीही ओढलं जात होतं. जगभरच्या यंत्रांवर उमटलेली ती संथ लाट याच ढकलाढकलीची होती.

त्याच कुळातली एक घटना 16 सप्टेंबर 2023 ची. पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळला, कारण पायथ्याची हिमनदी झिजून त्याचा आधार गेला होता. सुमारे 200 मीटर उंच लाट उठली आणि अरुंद खाडीतलं पाणी इकडून तिकडे हिंदकळत राहिलं. दर दीड मिनिटाला एक, अशी पृथ्वीची ती धडधड नऊ दिवस नोंदली जात होती.

हे सगळं आमच्यापासून फार लांबचं वाटेल, पण चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे, तिथे आपल्याकडच्या जुन्या हिमनद्यांची खूण सापडली. 1856 मध्ये ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू या भूशास्त्रज्ञांनी असं मांडलं होतं, की तिथले गोट्यांचे थर बर्फाने आणून टाकलेले आहेत. भारतासारख्या उष्ण देशात बर्फ कुठून आला, म्हणून अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. मग 1870 च्या दशकात भूशास्त्रीय सर्वेक्षणातले ओल्डहॅम आणि फेडन यांना इरईला घासून गुळगुळीत झालेले गोटे मिळाले, आणि त्यांच्याखाली चुनखडीच्या खडकावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा दिसल्या. तळाशी दगड रुतलेला बर्फ खडकावरून ओढला गेला की अशा रेघा पडतात. तीस कोटी वर्षांपूर्वी ही जमीन गोंडवाना खंडात, दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाला चिकटून होती. तो बर्फ वितळल्यावर दलदली झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. आज भोंगा वाजवून फोडतात तो हाच कोळसा, आणि त्या हिमनद्यांचा गाळ त्याच्याखालीच आहे. तोच कोळसा जळून जो वायू सुटतो तो ग्रीनलंडच्या उन्हाळ्याला आणखी ऊब देतो. ताटल्या खणखणल्या की हे माझ्या डोक्यातून जात नाही.

अंटार्क्टिकात मात्र असे भूकंप बरीच वर्षं जवळपास सापडतच नव्हते. तिथले धक्के ग्रीनलंडपेक्षा दुबळे असल्यामुळे दूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचत नव्हते. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातले भूकंपशास्त्रज्ञ थान-सॉन फाम यांनी अंटार्क्टिकातल्याच केंद्रांच्या नोंदी वापरल्या आणि 2010 ते 2023 या काळातले साडेतीनशेहून जास्त भूकंप शोधून काढले. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश थ्वेट्स हिमनदीच्या समुद्राकडच्या टोकाशी आहेत. ती पूर्ण कोसळली तर जगभरच्या समुद्राची पातळी अर्ध्या मीटरहून जास्त चढेल. दुसरा मोठा गट पाइन आयलंड हिमनदीपाशी आहे, पण समुद्रापासून बराच आत. तिथे उलटायला हिमनगच नाही, मग ती जमीन कशाने हलते याचा शोध अजून चालू आहे.