सेरीनच्या जागी अॅलनिन आले तर

१६ आणि ३ मिळून १९. पण स्फिंगोलिपिडांच्या, म्हणजे पेशीपटलातल्या एका मेदकुळाच्या, मूळ साखळीतले कार्बन मोजले, तर बहुतेक वेळा १८च भरतात. एक जातो कुठे?

पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात सेरीन पामिटॉइलट्रान्सफरेज हे एन्झाइम बसलेले असते. कोएन्झाइम-ए या वाहक रेणूला जोडलेली १६ कार्बनची पामिटिक आम्लाची साखळी ते सेरीनला जोडते. सेरीन ३ कार्बनचे अमिनो आम्ल. जोडताना त्याचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, तोच हा हरवलेला कार्बन. या कामाला ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला सहघटक लागतोच.

तयार झालेल्या ३-कीटोस्फिंगॅनिनमधल्या कीटो गटाचे एनएडीपीएच हा हायड्रोजन पुरवणारा रेणू वापरून लगेच हायड्रॉक्सिल होते. हे झाले स्फिंगॅनिन. मग त्याच्या नायट्रोजनवर सिरॅमाइड सिंथेज दुसरे मेदाम्ल चढवते. माणसात अशी ६ सिंथेज आहेत आणि किती लांबीची साखळी घ्यायची हे प्रत्येकाचे वेगळे. शेवटी चौथ्या-पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध बसला की सिरॅमाइड तयार. गंमत म्हणजे ज्याच्यावरून या कुळाला नाव पडले, ते स्फिंगोसीन या वाटेत कुठेच बनत नाही. ते मिळते सिरॅमाइड मोडल्यावर. सिरॅमाइडपासून पुढचे स्फिंगोमायलिन वगैरे मेद गॉल्गी संकुलात बनतात.

पहिल्याच पायरीवर चूक झाली तर? या एन्झाइमच्या जनुकातल्या काही बदलांमुळे ते सेरीनऐवजी अॅलनिन हे दुसरे अमिनो आम्ल उचलू लागते. अॅलनिनला सेरीनचा हायड्रॉक्सिल गट नाही. त्यामुळे बनलेल्या रेणूला पहिल्या कार्बनवर पकडायला जागाच उरत नाही: स्फिंगोमायलिन करता येत नाही, नेहमीच्या मार्गाने मोडताही येत नाही. हा माल साचतो आणि चेतातंतूंना मारतो. रुग्णाच्या पावलांची संवेदना जाते, जखमा कळत नाहीत. म्हणूनच उपाय म्हणून जास्तीचे सेरीन देऊन पाहिले गेले.

दुसरी अडचण बाहेरून येते. मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष १९८८मध्ये दक्षिण आफ्रिकेत वेगळे केले गेले. ते दिसते स्फिंगॅनिनसारखे, म्हणून सिरॅमाइड सिंथेजला अडवून बसते. सिरॅमाइड घटते, स्फिंगॅनिन तुंबते. घोड्यांचा मेंदू यानेच विरघळल्यासारखा होतो. १९९५मध्ये दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन अनेक गावांत पोटदुखी आणि जुलाब झाले, ते याच विषामुळे. भाकरी भाजून ते पुरेसे नष्ट होत नाही; खराब दाणे आधीच निवडून काढावे लागतात.