पाच सन्मान, चार वर्षे : लेनर्ड चेशायर यांच्या शौर्यपदकांची पार्श्वभूमी

८ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात विंग कमांडर जेफ्री लेनर्ड चेशायर यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शाही हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागातील हा अधिकारी तेव्हा नुकताच सत्तावीस वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डीएसओ, त्याचे दोन बार आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी, हे सन्मान आधीपासूनच होते. व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा बहुधा एखाद्या दिवसाचे किंवा रात्रीचे वर्णन करते: अमुक ठिकाणी, अमुक संकटात, या माणसाने असे केले. चेशायर यांच्या मानपत्राची सुरुवात मात्र जून १९४० पासून होते आणि ते जुलै १९४४ पर्यंतचा पट उलगडते. एकाच पराक्रमाऐवजी चार वर्षांच्या सातत्याला हे पदक का दिले गेले, हे समजण्यासाठी आधीच्या चार सन्मानांपासून सुरुवात करावी लागते.

या पदकांची उतरंड थोडक्यात अशी होती. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला आणि शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी तो सर्वांत वरचा मानला गेला. त्याला हुद्द्याची अट नव्हती. १८८६ मधील डीएसओ हे केवळ अधिकाऱ्यांसाठी होते आणि सर्वसाधारणपणे तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या वरिष्ठांना मिळत असे. त्यामुळे एखाद्या अगदी कनिष्ठ अधिकाऱ्याला डीएसओ मिळाले, की त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस थोडक्यात हुकला, असे सैन्यात समजले जाई. डीएफसी हे पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, जून १९१८ मध्ये, खास हवाई लढाईसाठी निघाले. तेच पदक पुन्हा मिळाले तर दुसरे पदक न देता फितीवर बार चढवला जाई.

चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी झाला. वडील ऑक्सफर्डमधील नामवंत कायदेपंडित. मुलगाही ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदाच शिकला, पण अभ्यासापेक्षा मोटारी आणि विद्यापीठाची वैमानिक तुकडी यांत त्याचे मन अधिक रमत असे. युद्ध सुरू झाल्यावर प्रशिक्षण पुरे करून जून १९४० मध्ये ते १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. या स्क्वाड्रनकडे व्हिटली जातीची विमाने होती: दोन इंजिनांची, संथ, आणि रात्री जर्मनीवर जाऊन परतायला तासन्‌तास घेणारी.

१२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कलोन परिसरावरील हल्ल्यात तोफेचा गोळा त्यांच्या विमानात फुटला आणि आत असलेल्या प्रकाशज्योतीने पेट घेतला. विमानाची एक बाजू उडून गेली, आग लागली, वायरलेस सांभाळणारा तरुण सहकारी गंभीर भाजला. आग विझवली गेली, बॉम्ब लक्ष्यावर टाकले गेले, आणि एका बाजूने उघडे पडलेले ते विमान चेशायर यांनी समुद्र ओलांडून परत आणले. या रात्रीबद्दल डिसेंबर १९४० मध्ये त्यांना डीएसओ मिळाले, तेही तेवीस वर्षांच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला. पहिलाच सन्मान उतरंडीतील दुसऱ्या पायरीवरचा होता. मार्च १९४१ मध्ये डीएफसी आले, आणि त्याच वर्षी डीएसओचा पहिला बार. एव्हाना ते नव्या चार इंजिनी हॅलिफॅक्स विमानांच्या ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेले होते.

इथपर्यंतची पदके एका वैमानिकाच्या धैर्याची आहेत, आणि त्या धैर्याचा युद्धाला प्रत्यक्षात किती उपयोग होत होता हा प्रश्न त्याच काळात टोकदार होत चालला होता. ऑगस्ट १९४१ मध्ये हल्ल्यांच्या छायाचित्रांची तपासणी करून तयार झालेल्या बट अहवालाने दाखवून दिले, की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती. धूर आणि धुके असणाऱ्या रूहर खोऱ्यात तर हे प्रमाण याहून कितीतरी कमी होते. चेशायर रूहरवर अनेकदा २,००० फुटांच्याही खाली उतरून बॉम्ब टाकत, असे त्यांचे मानपत्र नोंदवते. लक्ष्य दिसायचे तर खाली उतरावेच लागते, हा त्यांचा आग्रह पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाचे बीज ठरला, म्हणून तो तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. याच महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर, तोही हॅलिफॅक्सचा वैमानिक, जर्मनीवर पाडला गेला आणि युद्धकैदी झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये चेशायर यांच्याकडे ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सूत्रे आली. हॅलिफॅक्सची हानी तेव्हा चिंताजनक होती. इंजिनांच्या धुराड्यांवरील आवरणे, नाकावरचा आणि पाठीवरचा तोफबुरूज यांचे वजन विमानाला मंद आणि जड करते, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी ते सारे उतरवायला लावले. हा निर्णय बंदुका कमी करून प्राण वाचवण्याचा होता, आणि वरवर तो उलटाच वाटतो. माणूस म्हणून ते जमिनीवरच्या तंत्रज्ञांची नावे पाठ असणारे, नवख्या वैमानिकासोबत स्वतः उड्डाणाला जाणारे होते. मात्र ज्याचा धीर सुटला त्याला इतरांवर परिणाम होण्यापूर्वी ताबडतोब तळावरून हलवण्यात त्यांनी दया दाखवली नाही. त्यांच्या चरित्रातील ही बाजू गौरवपर लेखनात सहसा झाकली जाते, पण त्या काळातील स्क्वाड्रनप्रमुखाचे काम तिच्याशिवाय कळत नाही. बॉम्बफेकी विभागात सेवा केलेल्या सुमारे १,२५,००० विमानकर्मींपैकी ५५,५७३ मारले गेले. तीस मोहिमांची पहिली फेरी पुरी करणे हीच मुळात अनेकांसाठी अशक्यप्राय गोष्ट होती.

एप्रिल १९४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते हवाई दलातील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले आणि मार्स्टन मूर येथील प्रशिक्षण तळाचे प्रमुख म्हणून नेमले गेले. हुद्दा वाढला, उड्डाण संपले. तीन फेऱ्या पुऱ्या केलेल्या माणसाने इथे थांबणे सर्वांना रास्त वाटले असते. चेशायर यांनी विनंती करून हुद्दा एक पायरी खाली घेतला, पुन्हा विंग कमांडर झाले, आणि १९४३ च्या अखेरीस ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व स्वीकारले. मे १९४३ मध्ये गाय गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली म्यॉने आणि एडर ही जर्मन धरणे फोडणारी ती हीच तुकडी. पण सप्टेंबरमध्ये डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरील हल्ल्यात गिब्सन यांच्यानंतर आलेले प्रमुख जॉर्ज होल्डन यांच्यासह तिची मोठी हानी झाली होती. अशी खास तुकडी नेमकी कशासाठी ठेवायची, हाच तेव्हा प्रश्न होता.

उत्तर लक्ष्यावर खूण करण्याच्या, म्हणजे मागच्या विमानांना नेम धरता यावा म्हणून लक्ष्यावर आधी जळत्या ज्योती टाकण्याच्या, पद्धतीत सापडले. उंचावरून टाकलेल्या खुणेच्या ज्योती काहीशे यार्ड चुकत. एखाद्या शहरावरील सरसकट हल्ल्यात ही चूक खपत असे, फ्रान्समधील एकट्या कारखान्यावर मात्र ती शेजारच्या वस्तीवर मृत्यू आणत असे. चेशायर आणि त्यांचे सहकारी मिक मार्टिन यांनी लँकेस्टरसारखे अवजड विमान छपरांच्या उंचीवर नेऊन खूण करण्याचे तंत्र बसवले. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री लिमोज येथील नोम-रोन विमानइंजिन कारखान्यावरील हल्ल्यात त्याची कसोटी लागली. रात्रपाळीला काम करणाऱ्यांत बहुतांश फ्रेंच स्त्रिया होत्या. चेशायर यांनी कारखान्यावरून तीनदा अगदी खालून विमान नेले, इशारा समजून कामगार बाहेर पळाले, आणि त्यानंतरच्या खेपेला त्यांनी खुणेचे बॉम्ब टाकले. मागून आलेल्या मूठभर लँकेस्टरांनी कारखाना उद्ध्वस्त केला. आसपासच्या नागरिकांना जवळजवळ झळ लागली नाही. डीएसओचा दुसरा बार स्क्वाड्रनप्रमुख म्हणून त्यांच्या कारकिर्दीशी निगडित आहे, पण लिमोजची रात्र कोणत्याही फितीत मावणारी नव्हती, असे मला वाटते.

हे तंत्र जर्मनीच्या कडेकोट बंदोबस्ताच्या शहरांवर चालेल का, यावर वरिष्ठांत उघड मतभेद होते. मार्गदर्शक विमानांच्या ८ क्रमांकाच्या गटाचे प्रमुख डोनाल्ड बेनेट यांच्या मते अशा ठिकाणी इतके खाली उतरणे व्यवहार्यच नव्हते; ६१७ स्क्वाड्रन ज्यात होती त्या ५ क्रमांकाच्या गटाचे प्रमुख राल्फ कॉक्रेन यांचा चेशायर यांच्यावर विश्वास होता. बॉम्बफेकी विभागाचे सरसेनापती आर्थर हॅरिस यांनी कॉक्रेन यांना संधी दिली आणि चेशायर यांना चपळ दोन इंजिनी मॉस्किटो विमाने मिळाली. परीक्षेसाठी म्युनिक शहर चेशायर यांनीच मागून घेतले, आणि त्याचे कारण मानपत्रात स्पष्ट आहे: तेथील हलक्या विमानविरोधी तोफा आणि शोधझोत अत्यंत तीव्र होते.

२४ एप्रिल १९४४ च्या रात्री चार मॉस्किटो इंग्लंडच्या आग्नेय टोकावरील मॅन्स्टन तळावरून निघाली, कारण त्याहून मागच्या तळावरून इंधन पुरले नसते. हवा खराब होती, सरळ मार्ग ऑग्सबर्गच्या तोफांवरून जात होता, आणि तिथून पुढे मारा थांबलाच नाही. चेशायर म्युनिकवर पोहोचले तेव्हा वरच्या विमानांनी सोडलेल्या ज्योतींचा प्रकाश डोक्यावर होता आणि शोधझोतांचा पायाखाली. ७०० फुटांपर्यंत सूर मारून त्यांनी खूण टाकली. वर येताना झोतांनी डोळे इतके दिपले की विमानावरचा ताबा सुटायच्या बेतात होता. तरीही खूण बरोबर पडली की नाही हे पाहायला ते १,००० फुटांवरून शहरावर फिरत राहिले, आणि गोळ्यांच्या तुकड्यांनी विमान जखमी झालेले असताना मागच्या विमानांना सूचना देत राहिले. परतीला शहर सोडल्यावर पूर्ण बारा मिनिटे त्यांच्यावर मारा चालू होता. बॉम्बफेक खुणांभोवती एकवटली, आणि ५ क्रमांकाच्या गटाने पुढे स्वतःची खूणपद्धत म्हणून हेच तंत्र राबवले.

पुढच्या दहा-अकरा आठवड्यांत स्क्वाड्रनने जे केले त्याची विविधता थक्क करणारी आहे. दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले त्या रात्री ६१७ च्या विमानांनी एकही बॉम्ब टाकला नाही. समुद्रावर काटेकोर आवर्तने घेत त्यांनी धातूच्या वर्खाच्या पट्ट्या सोडल्या आणि जर्मन रडारवर एका खोट्या आरमाराची चाल उभी केली. तीनच रात्रींनी सोम्यूरच्या रेल्वे बोगद्यावर बार्न्स वॉलिस यांनी आखलेला, साडेपाच टनांच्या घरातला टॉलबॉय बॉम्ब प्रथमच वापरला गेला. १४ जूनला ल आव्र बंदरावर चेशायर भरदिवसा, ढगांचा आडोसा नसताना, तोफांच्या माऱ्यात सूर मारून गेले. २५ जूनला सिराकूर येथील अस्त्रतळावर त्यांनी अमेरिकी मस्टँग विमानातून खूण केली. त्या जातीचे विमान ते आयुष्यात प्रथमच उडवत होते. ६ जुलैला लंडनवर रोखलेल्या तोफांच्या मिमोयेक येथील भुयारी तळावरील हल्ल्यानंतर कॉक्रेन यांनी त्यांना उड्डाणावरून काढले. मानपत्रात एकूण मोहिमा १०० नोंदवल्या आहेत.

आता त्या मानपत्राच्या वेगळेपणाकडे परत येता येते. म्युनिकनंतर दोनच रात्रींनी, २६ एप्रिल १९४४ रोजी, १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइट इंजिनिअर नॉर्मन जॅक्सन हे जळत्या लँकेस्टरच्या पंखावर, उडत्या विमानातून बाहेर पडून, आग विझवायला सरपटत गेले होते. ते खाली कोसळले, कैद झाले आणि त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी वाचकाला हे पदक मुख्यतः नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्यामुळे ठाऊक आहे. घाडगे १० जुलै १९४४ रोजी, चेशायर यांच्या शेवटच्या मोहिमेनंतर चार दिवसांनी, इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. ही सारी उदाहरणे एका क्षणाच्या निर्णयाची आहेत. पदकाच्या नियमात धाडसी कृत्याबरोबरच शत्रूसमोरील पराकोटीच्या कर्तव्यनिष्ठेचाही उल्लेख आहे, आणि चेशायर यांची शिफारस त्या दुसऱ्या शब्दांवर उभी राहिली. म्युनिकचा सविस्तर प्रसंग मानपत्रात आहे तो चार वर्षांच्या कामाचे ठळक उदाहरण म्हणून. जॅक्सन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, राजवाड्यातील समारंभात चेशायर यांनी त्यांच्याआधी पदक घ्यायला नकार देऊ पाहिला, कारण जॅक्सन यांनी आपल्याहून मोठा धोका पत्करला, असे त्यांचे म्हणणे होते.

९ ऑगस्ट १९४५ रोजी चेशायर यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून नागासाकीचा स्फोट विमानातून पाहिला, तोही दुरून, कारण त्यांचे विमान ठरलेल्या ठिकाणी इतरांना गाठू शकले नव्हते. लवकरच त्यांनी हवाई दल सोडले. १९४८ मध्ये हँपशरमधील ल कोर्ट या त्यांच्या घरात एका मरणासन्न, निराधार माणसाची शुश्रूषा करताना अपंग व दीर्घ आजाऱ्यांसाठीच्या निवासांची कल्पना रुजली. १९५० च्या दशकात ते भारतात आले. मुंबईत अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांच्या रस्त्यावरील चेशायर होम ही त्याच कामाची खूण. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच, होली नेम कॅथेड्रलमध्ये, त्यांनी समाजसेविका सू रायडर यांच्याशी विवाह केला, आणि दोघांनी मिळून देहरादूनला राफेल हे केंद्र उभारले. १९८१ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला आणि १९९१ मध्ये आजीव लॉर्डपद. ३१ जुलै १९९२ रोजी ते वारले. ब्रिटिश प्राधान्यक्रमानुसार त्यांच्या नावापुढे प्रथम व्हिक्टोरिया क्रॉस, मग शांततेच्या काळातील ऑर्डर ऑफ मेरिट, आणि त्यानंतर दोन बारांसह डीएसओ व डीएफसी ही युद्धातील पदके लिहिली जातात.