रेबीजची लस वेगळी, रेबीजचं सिरम वेगळं

कुत्रा चावलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ‘इंजेक्शन घेतलं.’ पण कोणतं? दंडात घेतात ती लस आणि जखमेत टोचतात ते सिरम. दोन्हींचं काम निराळं आहे, आणि दात लागून रक्त आलं असेल तर दोन्ही लागतात.

लशीत निष्क्रिय केलेला रेबीजचा विषाणू असतो. त्याने आजार होत नाही, पण पांढऱ्या पेशी त्याला ओळखून प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, अँटीबॉडीज) तयार करायला लागतात. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्वचेत लस देताना 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी डोस असतात. ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मात्र मागे राहतात, म्हणून पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर सहसा दोनच डोस पुरतात आणि सिरम लागत नाही.

पण पहिल्यांदाच चावा बसलेल्याचं त्या पहिल्या आठवड्यात काय? विषाणू तर जखमेतून मज्जातंतूत शिरायला टपलेला असतो, आणि लक्षणं दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. ही मधली फट सिरम बुजवतं. त्यात तयार प्रतिपिंडं असतात, लस दिलेल्या घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली. वजनानुसार मात्रा ठरते: घोड्याचं असेल तर किलोमागे 40 युनिट, माणसाचं असेल तर 20. ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात. बोटावर, ओठावर हे फार दुखतं. पोर किंचाळायला लागलं की नातेवाईक म्हणतात, ‘लस दिलीय ना, राहू द्या आता.’ कृपा करून तिथे थांबू नका! विषाणू जिथे आहे तिथेच त्याला गाठायची ही संधी असते.

सिरम शरीराला काही शिकवत नाही. काही आठवड्यांत ते विरून जातं. जास्त दिलं तर उलट लशीच्याच कामात अडथळा येतो. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात.

साप चावल्यावर मात्र सगळी भिस्त सर्पविषावरच्या वेगळ्या सिरमवरच, कारण विष काही तासांत घात करतं. आणि टीटीचं इंजेक्शन धनुर्वातासाठी असतं, रेबीजशी त्याचा संबंध नाही.

जखमेवर चुना, तिखट काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. केस पेपरवर लशीच्या तारखा लिहिलेल्या असतात. सिरमची नोंद आहे का, तेही तिथेच पाहून घ्या.