पाईप गळतोय, पण नेमका कुठे?

जमिनीखालचा पाईप गळू लागला की पाणी वर येईलच असं नाही. शेजारून गटार जात असेल किंवा खाली वाळू असेल तर ते खालच्या खाली मुरतं. वर आलंच तर कधीकधी भलत्याच जागी येतं. त्यामुळे ओल बघून खणण्यापेक्षा आवाज ऐकून खणलेलं बरं.

दाबाखालचं पाणी बारीक भोकातून सुटताना पाईप थरथरतो. ही थरथर पाईपच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून दोन्ही दिशांना पळते. धातूच्या सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला, तरी एकसारखा ‘सूं’ आवाज येतो. हे सगळ्यात जुनं उपकरण आजही वापरात आहे. बाहेर पडलेलं पाणी मातीवर आदळतं तो आवाज खालच्या पट्टीतला असतो आणि लवकर विरतो. तो रस्त्यावर ग्राउंड मायक्रोफोन ठेवून, हेडफोन लावून ऐकतात.

पण आवाज मोठा म्हणजे गळती मोठी, हा हिशेब इथे चालत नाही. बारीक चीर शिट्टी घालते, तर पाईप चांगलाच फुटला की दाब उतरतो आणि आवाजही बसतो. शिवाय अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा भरत असलेली टाकीसुद्धा हुबेहूब गळतीसारखी ऐकू येते. म्हणून हे काम मध्यरात्रीनंतर करतात. रहदारी थांबलेली असते, वापर कमी असल्यामुळे दाब चढलेला असतो. नळाचा आवाज येतो आणि जातो, गळतीला खंड नसतो.

कॉरिलेटर, म्हणजे दोन सेन्सरवरचे आवाज ताडून गळतीची जागा काढणारं यंत्र, तर आवाजाच्या मोठेपणाकडे फारसं बघतच नाही. तो वेळ मोजतो. समजा, दोन व्हॉल्व्हवर 200 मीटर अंतराने सेन्सर बसवले. गळतीचा आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा 0.05 सेकंद आधी पोहोचला. बिडाच्या पाईपमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1200 मीटर धरला, तर या वेळात तो 60 मीटर जातो. 200 मधून 60 वजा करा, निम्मे करा: गळती जवळच्या सेन्सरपासून 70 मीटरवर.

गणित शाळेतलं आहे, खरी मेख वेगात आहे. प्लॅस्टिकची भिंत लवचिक असल्यामुळे तिथे वेग बराच कमी, सेकंदाला 400 मीटरच्या आसपासही असू शकतो. नकाशात बीड लिहिलंय आणि मधल्या काळात कुणीतरी पाईप प्लॅस्टिकचा टाकलाय, तर तेच उत्तर 90 मीटर येतं. म्हणजे वीस मीटर चुकीच्या जागी खड्डा! प्लॅस्टिकमध्ये वरच्या पट्टीतला आवाज लवकर मरतो, त्यामुळे सेन्सर जवळजवळ ठेवावे लागतात किंवा थेट पाण्यात हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) सोडावा लागतो.

म्हणूनच जाणते लोक नुसत्या नकाशावर विसंबत नाहीत. आधी माहीत असलेल्या जागचा एखादा हायड्रंट (आगीच्या बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ) उघडून मुद्दाम आवाज करतात, त्यावरून त्या पाईपातला वेग मोजतात आणि मगच कुदळ मागवतात.